सेंद्रिय भाजीचा धंदा : भाव विचारण्याआधी माती आणि तण पाहा

आमचा धंदा कापडाचा. तीस वर्षे मालेगावात ग्रे कापडाची खरेदी-विक्री करीत आहोत. तेव्हा व्यापाराच्या या पानावर आम्ही भाजीपाल्याच्या शेतीबद्दल लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु अलीकडे आपल्यातील बरेच बागवान बंधू, किराणा दुकानदार आणि मंदीमुळे माग बंद ठेवलेले कारखानदार सेंद्रिय भाजीच्या धंद्याकडे वळू पाहत आहेत. कोणी शेतकऱ्याला उचल देतो, कोणी खंडाने जमीन घेतो, कोणी शहरात दुकान टाकतो. यांपैकी काही जण आमच्याकडे सल्ला विचारायला येतात. सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : "भाव काय मिळतो?"

आमचे सांगणे असे की, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : त्या शेतात तण कोणते आहे आणि मातीत जीव किती आहे? हा प्रश्न न विचारल्यामुळे आमचे स्वतःचे पैसे गेले. म्हणून हा तजुर्बा सर्वांच्या उपयोगी पडावा या हेतूने लिहीत आहोत.

धंद्याची सुरुवात

आमच्या मरहूम वडिलांनी मोसम नदीच्या काठी एका खेड्यात साडेतीन एकर काळी जमीन घेऊन ठेवली होती. ती आमचा मामेभाऊ कसतो. २०१८ साली आम्ही दोघांनी ठरविले की, रासायनिक खत व औषध बंद करून भाजी पिकवावी आणि नाशिकच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना पोहोचवावी. भांडवल आमचे, मेहनत त्याची.

सेंद्रिय मालाचे नियम आम्ही आधी समजून घेतले. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. त्याच्या नियमाप्रमाणे भाजीसारख्या हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे जमीन सेंद्रिय पद्धतीने राखावी लागते. फळबागेला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षे लागतात. याशिवाय शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून हमी देण्याची पीजीएस ही पद्धतही आहे, ती लहान शेतकऱ्याला परवडते. कोणताही मार्ग धरला तरी रासायनिक तणनाशक अजिबात चालत नाही. आम्हाला वाटले, त्यात काय मोठे? आपले आजोबा कुठे तणनाशक मारीत होते?

हे बोलणे सोपे होते. आजोबांच्या काळी घरची दहा माणसे शेतात खुरपे घेऊन बसत. आज मजूर वेळेवर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी रोख द्यावी लागते. भाजीच्या पिकात खत आणि किडीच्या औषधापेक्षा तणाचा खर्चच सेंद्रिय शेतकऱ्याचे कंबरडे मोडतो, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळले.

तीन चुका

पहिली चूक खताची. खत पाहिजे म्हणून आम्ही एका तबेल्यातून सहा ट्रॉली शेणखत आणले. स्वस्त मिळाले याचा आनंद झाला. खत मात्र कच्चे होते, हात घातला तर आत गरम लागत होते आणि चाऱ्याच्या काड्या जशाच्या तशा दिसत होत्या. जनावराने चाऱ्याबरोबर तणाचे बी खाल्ले तर त्यातील बरेचसे पोटातून जिवंत बाहेर पडते. पहिल्या पावसानंतर जिथे जिथे खत पडले होते तिथे तांदुळजा, कुर्डू, घोळ आणि गाजर गवत असे उगवले, जणू आम्हीच पेरले होते. खरे म्हणजे पैसे देऊन आम्हीच पेरले होते.

दुसरी चूक अवजाराची. शेताच्या उतरत्या बाजूला लव्हाळ्याचे चार-पाच पट्टे होते. आम्ही भाड्याचा रोटाव्हेटर फिरविला. शेत गादीसारखे भुसभुशीत झाले. परंतु लव्हाळ्याच्या मुळाला जमिनीखाली माळेसारख्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठीतून नवे रोप निघते. रोटाव्हेटरने त्या माळा तोडल्या आणि साऱ्या शेतात वाटल्या. पुढच्या पाण्याला पट्टे राहिले नाहीत, सगळे शेतच हिरवे झाले.

तिसरी चूक खास आमच्या धंद्याची, ती सांगताना आजही संकोच वाटतो. मातीवर आच्छादन घातले की तण दबते, असे ऐकले होते. आमच्याकडे मागावरच्या धाग्याची गुंतवळ पोत्यांनी पडलेली असते. म्हटले, सूत आहे, कुजून जाईल. टोमॅटोच्या ओळीत ती अंथरली. कापडाचा व्यापारी असूनही आम्ही विसरलो की, त्या गुंतवळीत निम्मा धागा पॉलिस्टरचा आहे. सूत कुजले, पॉलिस्टर राहिले. पुढच्या हंगामात कोळप्याच्या फासेत, बैलाच्या खुरात आणि बायकांच्या बोटांत तोच धागा अडकत होता. तो वेचायला मजुरी लागली ती वेगळीच, आणि थोडा धागा आजही निघतो. वाचकांत जे मागवाले आहेत त्यांना हात जोडून विनंती की, असला माल फुकट मागितला तरी शेतकऱ्याला देऊ नका.

वीस गुंठ्यांची परीक्षा

२०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले. बाजारातील उधारी अडकली. अशा वेळी शेतीच हात देईल म्हणून आम्ही त्या वर्षीच्या डिसेंबरात वीस गुंठे उन्हाळी कांदा लावला. कांद्याची पात सरळ आणि बारीक, तिची सावली जमिनीवर पडत नाही. त्यामुळे तणाला ऊन, पाणी आणि खत सर्व मोकळे मिळते. लागवडीनंतरचे दोन महिने शेत स्वच्छ राहिले नाही तर कांदा पोसत नाही.

पहिली खुरपणी झाली, तीस बायांची रोजंदारी सहा हजार गेली. अठरा दिवसांत लव्हाळा पुन्हा कांद्याच्या बरोबरीने उभा. दुसरी खुरपणी, आणखी सहा हजार. खुरपायला येणारी एक वृद्ध बाई आम्हाला म्हणाली, "शेठ, हा वरून उपटून जायचा नाही. खाली याची पोरं बसलीत." तिने खुरप्याने माती उकरून गाठींची माळ दाखविली. ते पाहून आमचा जीव खाली बसला.

त्याच रात्री मामेभावाचा फोन आला. "भाईजान, तिसऱ्या खुरपणीचे पैसे आहेत का तुमच्याकडे? नसतील तर फवारून टाकतो. दीड हजारात काम होईल. शेजारी सगळेच मारतात. कोणाला कळणार?"

आम्ही लगेच नाही म्हणालो नाही. खोटे कशाला लिहावे? आमचे पैसे अडकले होते, घरात पगार द्यायला रोकड नव्हती. नाशिकचे गिऱ्हाईक शेतात येऊन पाहणार नव्हते. दहा-पंधरा क्षण आम्ही फोन धरून गप्प होतो. मग त्याला म्हटले, "उद्या सकाळी मी येतो. तोवर काही करू नकोस."

सकाळी बांधावर बसून दोघांनी हिशेब मांडला. फवारले आणि सेंद्रिय म्हणून विकले तर ते सरळ खोटे माप झाले. सुती म्हणून मिलावटीचे कापड विकणाऱ्याला आपण जे म्हणतो तेच आपल्याला लागू. फवारले आणि साधा कांदा म्हणून विकले तर ते खोटे नव्हे, परंतु त्या तुकड्याची दोन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागणार. तिसरी खुरपणी केली तर कांदा विकून तीन खुरपण्यांचे अठरा हजारही निघतील याची खात्री नव्हती.

शेवटी मामेभावानेच चौथा मार्ग काढला. कांदा मोठा होऊ न देता दोन महिन्यांचा झाल्यावर पात म्हणूनच उपटायचा. जुड्या बांधून विकल्या. मजुरी निघाली, रोपाचे व खताचे पैसे बुडाले. फवारणी मात्र केली नाही. त्या दिवशी आमच्यात जो अबोला झाला असता, तो झाला नाही, ही आमची खरी कमाई.

माती हेच मुद्दल

त्यानंतर आम्ही शिकायला लागलो. पहिली गोष्ट समजली ती अशी की, माती आणि तण यांचे खाते एकच आहे. माती कसदार व भुसभुशीत असेल तर पीक लवकर वाढते, जमीन झाकते आणि खालचे तण सावलीत मरते. माती दगडासारखी असेल तर पीक रखडते, आणि रखडलेल्या पिकात तणाचेच राज्य.

मातीची तपासणी करून घ्यावी. २०१५ पासून केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, त्यामुळे हे नाव गावोगावी माहीत आहे. पत्रिकेत सेंद्रिय कर्ब हा आकडा आधी पाहावा. ०.५ टक्क्यांच्या आत असेल तर कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर असेल तर चांगला, असे सर्वसाधारण माप आहे. आमचा आकडा ०.४ च्याही आत होता. उष्ण मुलुखात मातीतील सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातो. म्हणून एकदा खत टाकून भागत नाही, दरवर्षी भर घालावी लागते. भाजीच्या पिकाला एकरी आठ ते दहा टन चांगले कुजलेले शेणखत लागते.

खत कुजविण्याच्या शास्त्राचा आमच्या कापडाच्या धंद्याशी जुना संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२४ साली इंदूरला वनस्पतिउद्योगाची एक संशोधन संस्था निघाली. तिला पैसा देणाऱ्यांत भारतीय मध्यवर्ती कापूस समिती होती, कारण कापूस सुधारणे हा हेतू होता. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसविली व १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पद्धत साधी आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग ठरावीक दिवसांनी पलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत होते. ढीग आतून इतका तापतो की तणाचे बहुतेक बी मरते. मात्र पलटणे चुकवले तर बाहेरच्या थंड थरातील बी जिवंत राहते, आणि लव्हाळ्याच्या गाठी व हराळीची मुळे ढिगात टाकूच नयेत.

खताचा नमुना घेण्याची आमची रीत अशी. जसे कापड घेताना तुकडा धुऊन पाहतो, तसे एका कुंडीत मूठभर खत घालून पाणी द्यावे व दहा-बारा दिवस थांबावे. तण उगवले तर तो माल परत.

पेरणीआधीच तणाला बोलवा

दुसरी गोष्ट, तण पिकात मारण्यापेक्षा पिकाच्या आधी मारावे. वाफे तयार करून लगेच रोपे लावू नयेत. एक पाणी द्यावे आणि दहा-बारा दिवस वाट पाहावी. वरच्या थरातील बी उगवून येते. मग अगदी वरच्यावर, बोटभरही खोल न जाता, वखर किंवा कोळपे फिरवावे. खोल गेलात तर खालचे नवे बी वर येते आणि मेहनत फुकट जाते. जमल्यास हेच दुसऱ्यांदा करावे. यात तीन आठवडे जातात, म्हणून शेतकरी घाई करतो. परंतु या तीन आठवड्यांत खुरपणीचा निम्मा खर्च वाचतो असा आमचा अनुभव आहे.

लव्हाळ्याला ही युक्ती पुरत नाही. त्याला एप्रिल-मेच्या उन्हात एक खोल नांगरट द्यावी, गाठी वर आणून तापू द्याव्यात आणि दातेरी अवजाराने गोळा करून शेताबाहेर काढाव्यात. त्यानंतर पावसाळ्यात दाट ताग पेरावा. हा सुतळीचा ताग, ज्याला कोठे बोरू म्हणतात. एकरी वीस-पंचवीस किलो बी टाकावे. तो माणसाच्या कमरेच्या वर जातो आणि खाली अंधार करतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दीड महिन्यात, फुले येण्याच्या सुमारास, ताग जमिनीत गाडावा व पंधरा दिवस थांबून पुढील पीक घ्यावे. तागाच्या मुळावरील गाठींमुळे नत्रही मिळते. एकाच कामात तणही दबते आणि मातीत भरही पडते.

गाजर गवत मात्र फुलण्याआधीच उपटावे, कारण एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याने अंगाला खाज व त्वचेचे विकार होतात, म्हणून बायांना हातमोजे द्यावेत. बांधावरचे व पाटाच्या कडेचे तणही सोडू नये, तेच पाण्याबरोबर शेतात येते. ठिबक असेल तर पाणी फक्त पिकाच्या ओळीला मिळते व मधली पट्टी कोरडी राहते, तिथे तण कमी येते.

आच्छादनाला गव्हाचे काड, उसाचे पाचट, शेंगांची टरफले चांगली. ती वर अंथरावीत, मातीत मिसळू नयेत. कच्चे काड मातीत गेले तर ते कुजताना आधी स्वतःच नत्र खाते आणि पीक पिवळे पडते. प्लॅस्टिकचा कागद सेंद्रिय नियमात चालतो, परंतु हंगामानंतर तो पूर्ण काढावा लागतो आणि शेतात जाळता येत नाही. आमचा पॉलिस्टर धाग्याचा धडा असल्याने आम्ही काडच वापरतो.

पिकाचा क्रम

कांदा, लसूण, गाजर, कोथिंबीर ही सावली न करणारी पिके सर्वांत स्वच्छ तुकड्यात घ्यावीत. ज्या तुकड्यात तण जास्त तिथे कोबी, वांगी, चवळी, भोपळा यांसारखी जमीन झाकणारी पिके घ्यावीत. ती एक-दोन हंगाम तणाला दाबून ठेवतात, मग तिथे कांदा न्यावा. आम्ही २०२० साली याच्या उलट केले होते. सर्वांत घाणेरड्या तुकड्यात कांदा लावला आणि दोष नशिबाला दिला.

आता त्या वीस गुंठ्यांत लव्हाळा संपला असे आम्ही म्हणणार नाही. तो आहे. परंतु चार उन्हाळे व चार ताग झाल्यावर कांद्याला एक पुरी खुरपणी आणि एक वरवरची कोळपणी पुरते. सेंद्रिय कर्बाचा आकडा ०.५ च्या वर गेला आहे. बैल कोळपे ओढताना पूर्वीसारखा धापा टाकत नाही, हे मामेभावाचे माप आमच्या आकड्यापेक्षा खरे.

कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना

या कामात आपल्या कारागिरांना वाव आहे. मोठ्या पिकासाठी बनविलेले कोळपे भाजीच्या अरुंद ओळीत चालत नाही. आम्ही गावच्या लोहाराकडून सहा इंची व नऊ इंची पातीची हातकोळपी करून घेतली, पुढे सायकलचे जुने चाक लावले. एक माणूस उभ्याने चालत काम करतो, बायांची कंबर वाचते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी पाहून तशीच मागितली. धार लावणाऱ्यालाही काम मिळाले, कारण बोथट पाते तण कापत नाही, नुसते वाकवते.

बागवान बंधूंना आणखी एक गोष्ट सांगतो. घोळ, तांदुळजा, चाकवत, पाथरी ही तणे कोवळी असताना भाजी म्हणून विकली जातात. खुरपणीत निघालेला तांदुळजा आम्ही आता जुड्या बांधून पाठवितो. मोठा पैसा नाही, परंतु खुरपणारीचा चहा-पाण्याचा खर्च निघतो.

शेवटी, जे सेंद्रिय भाजीसाठी शेतकऱ्याला उचल देऊ इच्छितात त्यांनी एवढे करावे. शेत पावसानंतर आठ-दहा दिवसांनी पाहावे, उन्हाळ्यात नांगरून ठेवलेले पाहू नये. लव्हाळा व हराळी किती आहे ते मोजावे. माती तपासणीचा कागद मागावा. खत कोठून येते व किती कुजलेले आहे ते पाहावे. खुरपणीचा खर्च करारात वेगळा लिहावा आणि त्यासाठी रोकड बाजूला ठेवावी. शेतकऱ्याला वेळेवर खुरपणीचे पैसे न देता त्याच्याकडून विनाफवारणीचा माल मागणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे आहे. त्या रात्री आमच्या मामेभावाने फवारले असते तर गुन्हा एकट्या त्याचा नसता, निम्मा आमचा असता.

भाव चांगला मिळतो, हे खरे. परंतु तो माल पिकविणाऱ्याच्या हातात खुरपे आहे, आणि त्या खुरप्याची मजुरी आधी मोजली पाहिजे.